बिनबिल्ल्याचा बोकड

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. आदल्या वर्षी लंपीनं घोडकाठचे गोठे हलवून सोडले होते, आणि त्याच्याही आदल्या वर्षी माणसांनीच दंडाला लस टोचून घ्यायला शाळेपुढं रांगा लावल्या होत्या. दोन्ही संकटं ओसरली, पण लोकांच्या मनात लस या शब्दाला जी शंका चिकटली ती काही सुटली नाही. कुणाचे गुडघे धरले, लशीनं. कुणाच्या सुनेला दिवस राहत नव्हते, तेही लशीनं. त्या साली तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बोकड बघायला आलेली गिऱ्हाइकं दात बघायच्या आधी कान बघू लागली.

कानात पिवळा बिल्ला असायचा. सरकारी डॉक्टर शेळ्यांना लस टोचतात तेव्हा नोंदीसाठी कानाला भोक पाडून हा बिल्ला मारतात. बिल्ला दिसला की गिऱ्हाईक हात मागं घ्यायचं. "इंजेक्शनचं हाय," म्हणायचं आणि पुढं सरकायचं. जणू बोकड नव्हे, पावडर खाऊन महिन्यात फुगलेली कोंबडीच.

इनामगावच्या गिताबाई टेंगलेला याचं मोठं नवल वाटे. तिची सदुसष्ट वर्षं मेंढरा-शेरडांतच गेली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याचा दीडशे मेंढरांचा वाडा होता आणि आठ महिने सगळं घर त्या मेंढरांमागं चालायचं. एकोणऐंशी साली मेंढरांना देवी आल्या. अंगभर फोड, डोळे चिकटलेले, तीन दिवसांत चाळीस मेंढरं गेली. सासऱ्यानं नदीच्या वाळवंटात स्वतः खड्डा खणला, आणि मेंढरं आत टाकताना एकेकीला नावानं हाक मारली. पुढच्या वर्षी शिरूरहून एक डॉक्टर सायकलवर बर्फाचा थर्मास बांधून आले आणि उरलेल्या साऱ्या मेंढरांना टोचून गेले. सासऱ्यानं त्यांच्यासाठी पुरणपोळी करायला लावली होती. त्यानंतर बाजारात खाटीक विचारायचे, "देवी टोचल्यात का?" आणि सासरा छाती काढून सांगायचा, "समद्यांना टोचल्यात. हात लावून बघा." टोचलेल्या जनावराला तेव्हा मान होता.

आता मेंढरं गेली होती. दोन एकर बागायती रान, पोरगा ज्ञानू उसाच्या ट्रॅक्टरवर, सून मोनिका कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. गिताबाईपाशी उरल्या होत्या सव्वीस शेळ्या-बोकडं. पांढरीच्या टेकाडाखाली, जिथं पूर्वी पुण्याच्या लोकांनी खणून जुनी मडकी आणि हाडं काढली होती, तिथं ती त्यांना चारायची.

त्या संक्रांतीला तळेगावहून मुक्ताबाई आली. मोटारीतून तिचा मुलगा मच्छिंद्र उतरला आणि मागून नातसून सायली, तीन महिन्यांचं बाळ पोटाशी धरून.

मुक्ताबाई आणि गिताबाई यांची ओळख पन्नास वर्षांची. ज्वारी निघाली की गिताबाईच्या सासऱ्याची मेंढरं मुक्ताबाईच्या रानात खतासाठी बसायची. दोघीही तेव्हा नव्या नवऱ्या. मुक्ताबाई पाटलीण असली तरी सासूचा डोळा चुकवून मेंढरांच्या वाड्यात यायची, भाकरी आणायची, जाळीतल्या कोकराला मांडीवर घेऊन बसायची. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा ती रडली होती ती गिताबाईच्या खांद्यावर, घरात नाही.

"गिते, म्हातारी झालीस की गं," मुक्ताबाई म्हणाली.

"तुमी काय कवळ्या हायसा, आक्का? दातबी कंपनीचं दिसत्यात."

"कंपनीचं हायती, पर मटण मोडत्यात अजून." मुक्ताबाई हसली आणि बाळाकडं हात केला. "ह्येच्यासाठी आलीया. सहा वर्सांनी देवानं दिलंय. खंडोबाला बोकड बोलले व्हते. वैशाखात जावळ काढायचं. तुझ्याकडचा एक बोकड नेमून ठेव. देवाचा हाय, कान फुटका नको. बिल्ल्याचा चालायचा न्हाई."

"आणि आजी," सायली पुढं झाली. पुण्यात शिकलेली मुलगी, बोलणं हळू पण नेमकं. "कान तर आहेच. पण मला लसही नको आहे. हे बाळ व्हावं म्हणून सहा वर्षं मी पोटात सुया टोचून घेतल्यात. मोजायच्या सोडून दिल्या मी त्या. आता हा माझं दूध पितोय. माझ्या पोटात जे जाईल ते ह्याच्या पोटात जाणार. आता कुठूनही एक सुईसुद्धा नको."

गिताबाईला तिच्याशी वाद घालावासा वाटला नाही. बाजारातल्या माणसांचं बोलणं वेगळं आणि या पोरीचं वेगळं. तिनं करड्या तोंडाचं एक आठ महिन्यांचं पिल्लू ओढून पुढं केलं. "ह्यो घ्या. अजून ह्येला कशानंच शिवलेलं न्हाई. वैशाखापर्यंत भरंल."

"तुझा शबुद?" मुक्ताबाईनं विचारलं.

"माझा शबुद, आक्का."

पंधरा दिवसांनी लस टोचायला माऊली डॉक्टर आला. तो खरं तर डॉक्टरच्या हाताखालचा माणूस, पण गावात सुई हातात असलेला प्रत्येक जण डॉक्टर. त्यानं शेरडं मोजली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मावशी, चार बोकडं कमी भरत्यात."

"भरू द्या की."

"सासरी गेली काय नांदायला?"

"तुमची मस्करी पुरं. ती चार मी बाजूला ठेवलीत. एक देवाचा हाय, त्येचा कान फोडायचा न्हाई. बाकी तीन बाजाराची. बिल्लेवाल्याला तिथं कुत्रंबी इचारीत न्हाई."

"मग बिल्ला ऱ्हाऊ द्या. नुसती लस टोचतो. साहेबाला काय सांगायचं ते माझं मी बघंन."

गिताबाई घुटमळली. "लोकं लस टोचली का ते इचारत्यात. मला तोंडावर खोटं बोलाया जमत न्हाई."

"खोटं कशाला बोलायचं? खरं सांगा. बुळकांडीची लस हाय, महिन्याभरात मटणात त्येचं कायसुदिक ऱ्हात न्हाई. खाणाराचा केस वाकडा होत न्हाई."

"माझं कोण ऐकतंय? तुमी या की बाजारात सांगायला."

"मी सांगितलं तर म्हणत्यात, ह्येला कंपनीनं पैसं चारलं." माऊलीनं पेटी बंद केली. "मावशी, बुळकांडी घरात शिरली तर मला बोलायचं न्हाई."

बुळकांडी शिरली ती एप्रिलमध्ये. वरच्या अंगानं आलेला एक कळप घोड नदीवर पाण्याला उतरला होता, त्यातली दोन शेरडं नाकानं वाहत होती. आठ दिवसांनी गिताबाईच्या बाजूला बांधलेल्या चार बोकडांना ताप भरला. तोंडात चट्टे आले, नाकाशी घाण सुकू लागली, मागनं पाण्यासारखं जुलाब. पहिला बोकड तिसऱ्या दिवशी गेला. दुसरा आणि तिसरा एकाच सकाळी.

दहा पावलांवर बिल्लेवाली बावीस शेरडं सुबाभळीचा पाला खाऊन निवांत रवंथ करत बसली होती. गिताबाईला त्यांच्याकडं बघवेना. मेलेल्या पोरांच्या घरापुढनं वरात जावी तसं तिला वाटलं.

देवाचा बोकड तेवढा तग धरून होता. माऊली पाच दिवस ओळीनं आला. कधी मानेत, कधी मांडीत सुई द्यायचा, तोंड धुवायचा, पाणी पाजायचा. पाचव्या दिवशी बोकडानं मान उचलून पाला ओढला.

"वाचला," माऊली म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "आता नीट ऐका, मावशी. ह्ये जे मी टोचलंय ती लस न्हाई. ह्ये औषध हाय, जंतू मारायचं. ते अंगात ऱ्हातंय. आजपासनं अठ्ठावीस दिस ह्येला कापायचा न्हाई. लशीची भीती घालणारं येडं असत्यात, पर ह्या औषधाचं खरं हाय. दुसऱ्याच्या पोटात जाऊ द्यायचं न्हाई, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या तर नगंच नगं."

गिताबाईनं बोटं मोजली. जावळाला बारा दिवस होते.

मुक्ताबाईला लावायला तिनं फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवला. सांगायचं तर काय? देवाला बोललेला बोकड आजारी पडला, हे सांगणंच अवघड. दुसरा द्यावा तर सगळ्यांचे कान फुटलेले, सगळ्यांना लस. चौथ्या दिवशी मुक्ताबाईचाच फोन आला. आवाजात नुसता उल्हास. दीडशे माणसाला आवतन गेलंय, मच्छिंद्रनं मांडव सांगितलाय, "गिते, तूच पहिल्या पंगतीला बसायचीस माझ्याजवळ. माझा बोकड कसा हाय?"

"बरा हाय, आक्का," गिताबाई म्हणाली. आणि ते काही खोटं नव्हतं.

जावळाच्या आदल्या दिवशी दुपारी मच्छिंद्र पिकअप घेऊन आला. मुक्ताबाई पुढच्या सीटवर. बोकड तोवर हुशार झाला होता, अंगावर चकाकी आली होती. मच्छिंद्रनं त्याचे दोन्ही कान उलटेसुलटे करून पाहिले. मुक्ताबाई खाली उतरली, गिताबाईसमोर उभी राहिली.

"सायलीनं इचारायला सांगितलंय म्हणून इचारते. नायतर मी तुला इचारलं नसतं. ह्येला लस न्हाई ना टोचली?"

गिताबाईच्या जिभेवर सगळं आलं होतं. पाच दिवसांच्या सुया, अठ्ठावीस दिवस, माऊलीचं बोलणं. पण प्रश्न लशीचा होता. इतका सरळ, इतका आखूड प्रश्न, की त्याचं खरं उत्तर एका शब्दाचं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "लस न्हाई टोचली."

मुक्ताबाईनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला ठावं व्हतं." पिकअप धुरळा उडवत निघून गेली.

पहिली पाळी करून मोनिका चारला घरी आली. रिकामी दावण बघून डबा खाली ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "आत्या, औषधाचं सांगितलं ना त्यांना?"

"त्यांनी लसच इचारली."

"आत्या!"

"मंग मी काय खोटं बोलले का? लस टोचली न्हाई, तर न्हाईच सांगितलं."

मोनिका दारातच बसली. "आमच्या कंपनीत बाटलीवर निम्मं लेबल लागलं ना, तर आतलं औषध कितीबी चांगलं असू दे, समदा माल बाजूला काढत्यात. निम्मं लेबल म्हंजी खोटंच लेबल, असं सायब म्हणतो." मग ती म्हणाली, "त्या पोरीनं तुमाला सहा वर्सांचं सांगितलं व्हतं ना? मला तुमीच बोलला व्हता."

गिताबाईनं रिकामं दावं गुंडाळून खुंटीला टांगलं. फोनवर सांगायची गोष्ट ही नव्हेच, उद्या जाऊन तोंडानंच सांगू, असं तिनं ठरवलं. माणूस अवघड गोष्ट अशीच एक एक दिवस पुढं ढकलतो.

सकाळी ती लवकर निघाली, पण न्हावऱ्याला जीप भरायलाच दीड तास गेला. तळेगावला मुक्ताबाईच्या मळ्यात पोचली तेव्हा खंडोबाच्या देवळीपुढं भंडारा उधळलेला होता, बाळाचं डोकं भादरून झालं होतं आणि बोकड चुलीवर चढला होता. बायका कौतुकानं सांगत होत्या, पाणी शिंपडल्याबरोबर बोकडानं कसं अंग झाडलं, देवानं कसा लगेच मानून घेतला.

गिताबाईनं मुक्ताबाईला चुलाणाच्या मागं नेलं आणि सांगून टाकलं. सगळं. बुळकांडी, तीन बोकडं, पाच दिवस, माऊलीनं सांगितलेले अठ्ठावीस दिवस, त्यातले झालेले बाराच. मुक्ताबाई धुरात डोळे बारीक करून ऐकत राहिली.

"काल का न्हाई बोललीस?"

"जीभ उचलली न्हाई, आक्का."

"मंग आजबी उचलायची न्हाई." मुक्ताबाईनं मच्छिंद्रला खुणावलं. त्याला दोन वाक्यांत कळलं.

"लस न्हाई ना?" तो म्हणाला. "मंग झालं की. मावशी, औषधं काय, माणसं रोज खात्यात. बाहेर दीडशे माणूस बसलंय, देवाचा परसाद हाय. शिजवून शिजवून त्यात काय ऱ्हाणार?"

"डाक्टर म्हणला, शिजवून समदं जात न्हाई."

"डाक्टर जेवायला हाय का हितं? न्हाई ना? मंग."

"बाकीच्यांचं ऱ्हाऊ द्या," गिताबाई म्हणाली. "सायलीला तेवढं सांगा. तिला वायलं ताट करा."

"आन् ती सगळ्यात आधी पंगतीत बोंब मारंल," मुक्ताबाई म्हणाली. "माझ्या घरचा परसाद लोकं टाकून उठतील. गिते, माझ्या गळ्याची आन हाय तुला. गप ऱ्हायचं."

पंगत बसली. मुक्ताबाईनं शब्द दिल्याप्रमाणं गिताबाईला आपल्या शेजारी बसवलं. पलीकडं सायली, मांडीवर भादरलेल्या डोक्याचं बाळ, कपाळाला भंडारा. वाढप झालं. रश्श्याची लाल तर्री, बाजरीच्या भाकरीचा वास. गिताबाईनं भाकरी मोडली आणि मिठाला लावून खाऊ लागली.

सायलीनं घास मोडला, रश्श्यात बुडवला आणि तिचं लक्ष गेलं. "गिताआजी, तुम्ही रस्सा नाही घेतला?"

मुक्ताबाई पटकन म्हणाली, "तिचा आज उपास हाय. रैवार."

"तुमचा रविवार असतो?" सायली हसली. "मग भाकरी कशी चालते?"

हा साधा प्रश्न होता, चेष्टेतला. त्यालाही कसलंतरी उत्तर देता आलं असतं. मुक्ताबाईची नजर आपल्या गालावर टेकलेली गिताबाईला कळत होती. पन्नास वर्षांत त्या नजरेला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. बाळानं सायलीच्या पदराला तोंड लावलं आणि चुटचुट आवाज करू लागलं.

"सायली," गिताबाई म्हणाली, "खाऊ नगं, बाई."

सायलीचा हात ताटावर थांबला. "का? लस टोचली होती?"

"न्हाई. लस टोचली असती तर ह्ये झालंच नसतं. लस न्हाई म्हणून त्येला बुळकांडी धरली, आन् बुळकांडी धरली म्हणून पाच दिस औषधाच्या सुया दिल्या. अजून सोळा दिस कापायचा नव्हता."

"पण मी विचारलं होतं ना. आजींनी काल विचारलं ना तुम्हाला."

"लशीचं इचारलं व्हतं. मी लशीचंच सांगितलं."

सायली तिच्याकडं बघत राहिली. तिला राग आला असता तर गिताबाईला सोसलं असतं. पण त्या पोरीच्या तोंडावर राग नव्हता, आपणच कुठंतरी चुकलो असं काहीतरी होतं. तिनं घास ताटाच्या कडेला ठेवला, बोटं पाण्यात बुडवली आणि बाळाला घेऊन उठली. समोरच्या ओळीतल्या दोन बायका उठल्या. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" कुणीतरी सांगितलं, "इंजेक्शनचं निघालं म्हणं." ते ओळीतून असं पळत गेलं की टोकाला पोचेपर्यंत त्याची लस झाली.

मुक्ताबाई खाली मान घालून जेवत राहिली. एकेक घास, सावकाश, ताट पुसून. मग गिताबाईकडं न बघता म्हणाली, "माझ्या दारात माझा देव बाटवलास."

मच्छिंद्र मांडवाच्या खांबापाशी उभा होता. "मावशी," तो म्हणाला, आवाज अगदी आदराचा, "जेवण झालं आसंल तर न्हावऱ्याची जीप आता मिळंल तुमाला."

त्या जेवणानं कुणाला काही झालं नाही. एका म्हाताऱ्याच्या अंगावर गांधी उठल्या, त्या दोन दिवसांत बसल्या, आणि त्या मटणानं का उन्हानं हे कुणी सांगू शकलं नाही. मात्र इनामगावच्या टेंगलेबाईनं लस टोचलेला बोकड फसवून देवाला दिला, ही बातमी तळेगावच्या बाजारात जाऊन बसली. तिथं तिच्या शेरडांना कुणी विचारीना.

माऊली डॉक्टरची वर्षभरात वेल्ह्याला बदली झाली. जाताना त्यानं गिताबाईची सगळी शेरडं टोचून दिली, आणि तिनं एकही लपवलं नाही. मच्छिंद्र सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आला. तो आता बोकड व्यापाऱ्याकडून घेतो, बिनबिल्ल्याचा म्हणून, आणि बाकी काही विचारत नाही. सायलीनं मूल अंगावर पीत होतं तोवर मटण सोडलं होतं. ती नवऱ्याबरोबर, सत्यजीतबरोबर, पुण्याला राहायला गेली. एकदाच तिचा फोन आला. बराच वेळ ती मुलाच्या दातांबद्दल आणि चालण्याबद्दल बोलली, त्या दिवसाबद्दल काही नाही, आणि ठेवताना म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. पण आदल्या दिवशी सांगायला हवं होतं." गिताबाई "व्हय" म्हणाली.

मोनिका कंपनीत कायम झाली. कुठल्या शेरडाला कधी काय टोचलं, ते ती घरच्या भिंतीवरल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. ज्ञानू तिला हसतो, पण पेन सापडेनासं झालं की तोच शोधून देतो.

मुक्ताबाई पंचवीस सालच्या मार्गशीर्षात गेली. मधल्या अडीच वर्षांत दोघींचं एक अक्षर बोलणं झालं नाही. गिताबाई दहाव्याला गेली, घाटावर बायकांच्या मागं उभी राहिली आणि कुणी ओळखायच्या आत परत फिरली.

ती अजून शेरडं राखते, दहा-बारा उरलीत. तळेगावला जात नाही, दौंडच्या बाजारात जाते. तिथं कुणी विचारलं, "मावशे, लस टोचलीय का?" तर ती पहिल्यापासून सांगायला लागते, लस कुठली आणि कवा, आजारी पडलं व्हतं का, औषध काय दिलं, त्याला किती दिस झाले. बहुतेक गिऱ्हाइकं तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पुढच्या दावणीकडं सरकतात.